उशिराचे मातृत्व आणि आपले कर्तव्य

घरातील सर्वांत धाकट्या अपत्याला मराठीत 'शेंडेफळ' म्हणतात. हंगाम सरत आला असताना झाडाच्या शेंड्याला धरलेले ते फळ. या शब्दात कौतुक आहे, लाड आहे. नापसंती मात्र कोठेच नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी सोळाव्या-सतराव्या वर्षी संसाराला लागलेली स्त्री चाळिशी उलटेपर्यंत बाळंत होत असे. सासू आणि सून एकाच वर्षी बाळंतिणी झाल्याची, मामा भाच्याहून वयाने लहान असल्याची उदाहरणे जुन्या घराण्यांत विरळा नव्हती. उशिराच्या मातृत्वाचे कुणाला नवल वाटत नसे, कारण ते उशिराचे आहे असेच कुणाच्या मनात येत नसे. त्या काळाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. त्याच घराण्यांत बाळंतपणात दगावलेल्या स्त्रिया आणि पाळण्यातच मिटलेली बाळेही पुष्कळ होती, आणि ते सारे दुःख 'देवाची इच्छा' एवढ्या दोन शब्दांत आवरले जाई.

आज चित्र पालटले आहे. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७, तर गोव्यात १.३ अपत्ये आहेत. मुली शिकतात, नोकरी करतात. मुलगे आखातात किंवा जहाजावर जातात. घर झाल्यावाचून लग्न नको आणि कर्ज फिटल्यावाचून मूल नको, असा हिशेब घरोघरी मांडला जातो. त्यामुळे उशिराचे मूल हे आता पुष्कळदा पहिलेच मूल असते. त्याच्या जोडीला दुसराही प्रकार आहे. दोन मुले हाताशी आली, थोरलीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली, आणि ध्यानीमनी नसताना आईला दिवस गेले. पहिलीने वर्षानुवर्षे वाट पाहिलेली असते, दुसरीने मुळीच नाही. तरी दोघींच्या वाट्याला येणारा प्रश्न एकच: "या वयात?"

हा प्रश्न काळजीपोटी विचारला जातो असे आपण मानतो. परंतु त्याच्या पोटात दुसराही एक प्रश्न दडलेला असतो, आणि त्याचाच विचार आम्हांस येथे करावयाचा आहे. काही वावगे घडलेच तर तो दोष कुणाचा? 'या वयात?' असे विचारणारा माणूस नकळत त्याचे उत्तरही देऊन टाकतो: 'तुझा.' जिथे धोका आहे तिथे दोषही आहे, आणि तो जिच्या शरीरात धोका आहे तिचाच आहे, असे आपण सहज धरून चालतो. हे गृहीत नीतीच्या कसोटीस उतरते काय?

प्रथम धोका म्हणजे काय ते नीट समजून घेतले पाहिजे. वैद्यकशास्त्र पस्तिशीनंतरच्या गर्भारपणाला 'उशिराचे' म्हणते. १९५८ साली स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने पस्तिशीनंतर प्रथमच गर्भवती होणाऱ्या स्त्रीचा वेगळा वर्ग ठरविला. आपल्याकडे गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा १९९४ चा कायदा झाला. त्यात ज्या कारणांसाठी गर्भाची विशेष तपासणी करण्यास मुभा दिली आहे, त्यांतील पहिलेच कारण गर्भवतीचे वय पस्तिशीच्या वर असणे हे आहे. ही रेघ माणसांनी सोयीसाठी ओढलेली आहे. चौतिसाव्या वर्षी सुरक्षित असलेली स्त्री पस्तिसाव्या वाढदिवसाच्या सकाळी असुरक्षित होत नाही. शरीर हळूहळू, एकेका पायरीने उतरते.

या उतरणीचे कारण स्त्रीबीजात आहे. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची सर्व स्त्रीबीजे तयार झालेली असतात. जन्माच्या वेळी ती दहा ते वीस लाख असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाखच उरतात. चाळिसाव्या वर्षी जे बीज फळास येते ते चाळीस वर्षांहून थोडे अधिकच जुने असते. म्हणून गुणसूत्रांच्या वाटणीत चूक होण्याचा संभव वयाबरोबर वाढतो. डाऊन सिंड्रोम असलेले मूल जन्मण्याचे प्रमाण पंचविशीतील मातेच्या बाबतीत साधारणतः साडेबाराशेत एक, पस्तिशीत साडेतीनशेत एक, चाळिशीत शंभरात एक, तर पंचेचाळिशीत तिसात एक असते. दिवस राहण्याची शक्यताही घटते. तिशीत दर महिन्याला ती शेकडा वीसच्या आसपास असते, चाळिशीत पाचच्या आसपास. राहिलेला गर्भ न टिकण्याचे प्रमाण चाळिशीत तिनात एक किंवा त्याहूनही अधिक होते. गर्भारपणातील मधुमेह, रक्तदाब, वार खाली सरकणे, जुळी राहणे, सिझेरियन करावे लागणे, या साऱ्यांचा संभव वाढतो.

हे आकडे लपविणे हा कुणावरही उपकार नव्हे. आमचा आग्रह इतकाच आहे की, ते पूर्ण वाचावेत. शंभरात एक याचा अर्थ शंभरात नव्व्याण्णवांना ते व्यंग नसते. तिसरा महिना सुखरूप पार पडल्यावर चाळिशीतील बहुसंख्य गर्भारपणांचा शेवट निरोगी बाळाच्या जन्मातच होतो. २०१८-२० या काळात महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचा मृत्यू झाला. देशाची सरासरी ९७ होती. वय सगळीकडे सारखेच वाढते. फरक पडतो तो वेळेवर मिळालेल्या उपचारांमुळे.

आणखी एक आकडा आपल्या घरांत क्वचितच सांगितला जातो. २०१२ साली आइसलँडमधील संशोधकांनी दाखवून दिले की, पित्याच्या वयात जसजसे एकेक वर्ष वाढते, तसतसे बाळाच्या आनुवंशिक द्रव्यात सुमारे दोन नवे बदल अधिक आढळतात. हे बदल बहुतेक निरुपद्रवी असतात, काही नसतात. म्हणजे उतरण पुरुषालाही आहे. तरीही पंचेचाळिसाव्या वर्षी बाप झालेल्या गृहस्थाची पाठ थोपटली जाते आणि एकेचाळिसाव्या वर्षी आई झालेल्या बाईकडे लोक डोळे बारीक करून पाहतात. ही विषमता शरीरशास्त्राने शिकविलेली नाही. ती आपण घरीच शिकलो आहोत.

आता असे गर्भारपण निरोगी राहावे म्हणून काय लागते ते पाहू. दिवस राहण्यापूर्वीच एकदा डॉक्टरांना भेटून रक्तदाब, साखर, थायरॉइड, रक्तातील लोह यांची तपासणी करावी. रक्तदाबाच्या काही गोळ्या गर्भाला अपायकारक असतात; त्या आधीच बदलून घ्याव्यात. फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्याच्या आधीपासून घ्यावी. बाळाच्या मज्जारज्जूतील व्यंगे टाळण्यात तिचा मोठा उपयोग होतो, हे १९९१ साली निर्विवाद सिद्ध झाले आहे. रक्तदाब चढण्याचा धोका अधिक असेल तर डॉक्टर सोळाव्या आठवड्यापूर्वी ॲस्पिरिनची लहान मात्रा सुरू करतात. ती आपल्या मनाने मात्र घेऊ नये. अकराव्या ते चौदाव्या आठवड्यांदरम्यान पहिली सोनोग्राफी, पुढे पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाजून साखरेची तपासणी, अठराव्या ते विसाव्या आठवड्यांच्या सुमारास बाळाच्या अवयवांची सोनोग्राफी. दोन जिवांचे जेवण जेवण्याची गरज नसते. चांगले अन्न, रोजचे चालणे आणि पुरेशी झोप लागते. डोके असह्य दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, छातीच्या खाली पोटात कळ, रक्तस्राव, बाळाची हालचाल मंदावणे, यांतील काहीही जाणवले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

ही यादी वाचकांनी पुन्हा एकदा वाचावी आणि तिच्यातील कोणती गोष्ट गर्भवती स्त्री एकटी करू शकते ते सांगावे. तपासणीला पैसे लागतात, आणि ते पुष्कळ घरांत दुसऱ्याच्या हाती असतात. रुग्णालयात जायला रजा लागते, सोबत लागते. चालायला वेळ लागतो, म्हणजे संध्याकाळचा स्वयंपाक दुसऱ्या कुणीतरी करावा लागतो. पहाटे पाण्याला उठून, डबे करून, सातची लोकल धरून, रात्री सासऱ्यांचे औषध देऊन झोपणाऱ्या स्त्रीला 'पुरेशी झोप घ्या' हा डॉक्टरांचा सल्ला ऐकून हसू येईल. रात्री दोन वाजता गाडी लागते, आणि गाडी असलेला शेजारी जागा व्हावा लागतो. निरोगी गर्भारपण स्त्रीच्या शरीरात घडत असले तरी ते चालते घरादाराच्या हातांवर. मग ते बिघडले की दोष मात्र तिच्या एकटीच्या वयाला का द्यावा?

आमच्या मते येथेच या प्रश्नाची किल्ली आहे. धोका हा दोष नसून तो एक हक्क आहे. ज्याला धोका अधिक, त्याचा आपल्यावरील हक्क अधिक. आजारी माणसाला आपण अधिक सांभाळतो. तान्ह्या मुलाला मोठ्यापेक्षा अधिक जपतो. हीच रीत एकेचाळिसाव्या वर्षी गर्भवती असलेल्या स्त्रीच्या बाबतीत उलटी का व्हावी?

आपल्या परिचयाच्या एका कुटुंबाचे उदाहरण घेऊ. संत छोटी तेरेजा आपल्या घराघरांत पूजिली जाते. परंतु ती शेंडेफळ होती, हे फारसे कुणाच्या ध्यानात नसते. तिची आई झेली मार्टिन हिचा जन्म १८३१ च्या डिसेंबरातला. तेरेजा जन्मली २ जानेवारी १८७३ रोजी. म्हणजे आईने एकेचाळीस वर्षे पूर्ण केली होती आणि वडील लुई एकोणपन्नास वर्षांचे होते. तेरेजा हे नववे अपत्य. आधीच्या आठांपैकी चार बालवयातच गेली होती. १८७० साली जन्मलेली एक मुलगी तर दूध पाजण्यासाठी ठेवलेल्या बाईच्या हेळसांडीमुळे दोन महिन्यांतच दगावली होती. झेली फ्रान्समधील आलाँसों या गावी लेस विणून घेण्याचा मोठा व्यवसाय चालवीत असे. तिची पत्रे आज उपलब्ध आहेत. ही मुले झालीच नसती तर बरे झाले असते, असे सांत्वन करणारे लोक तिलाही भेटले होते, आणि ते बोलणे तिला सहन होत नसे.

अशा आईने एकेचाळिसाव्या वर्षी पुन्हा मातृत्व स्वीकारले. बाळ अशक्त निघाले. काही आठवड्यांतच ते मरणाच्या दारात पोहोचले, आणि आईला अंगावर पाजणे शक्य नव्हते. तेव्हा सेमाले या खेड्यातील रोझ ताये नावाची एक शेतकरी स्त्री पुढे आली. तिचे स्वतःचे मूल लहान होते. तिने तेरेजाला आपल्या घरी नेऊन वर्षभराहून अधिक काळ पाजले, वाढविले, आणि १८७४ च्या एप्रिलात धष्टपुष्ट करून परत आणले. लुईने पत्नीच्या धंद्याला हातभार लावता यावा म्हणून १८७० सालीच आपले घड्याळांचे दुकान पुतण्याला देऊन टाकले होते. थोरल्या मुली धाकटीला सांभाळू लागल्या. पुढे २८ ऑगस्ट १८७७ रोजी झेली स्तनाच्या कर्करोगाने निवर्तली. त्या आजाराचा उशिराच्या बाळंतपणाशी संबंध जोडण्याचे कारण नाही. गाठ पुष्कळ वर्षांपूर्वीच तिच्या लक्षात आली होती. तेरेजा त्या वेळी साडेचार वर्षांची होती.

'एवढ्या उशिरा मूल झाले तर त्याला वाढवायचे कुणी?' हा आक्षेप पोकळ नाही, हे या कुटुंबाच्या कथेवरून दिसते. आई खरोखरच गेली. परंतु आक्षेपाचे उत्तरही त्याच कथेत आहे. बहीण पोलिनने आईची जागा घेतली. मामा-मामी लिझिए येथे राहत होते, त्यांच्या आधाराने राहता यावे म्हणून बापाने बिऱ्हाड हलविले. एका शेतकरणीने दूध दिले, बहिणींनी माया दिली, मामाने सावली दिली, आणि त्या मुलीला १९२५ साली ख्रिस्तसभेने संत म्हणून गौरविले. लुई आणि झेली यांनाही २०१५ साली एकाच वेळी संतपद मिळाले. उशिराचे मूल आईबापांच्या हाती कमी वर्षे असते, हे खरे. म्हणूनच ते पहिल्या दिवसापासून अनेकांच्या हाती असावे लागते.

याचा अर्थ प्रत्येक जोडप्याने कोणत्याही वयात मूल होऊ द्यावे, असा कुणी काढू नये. पोप पॉल सहावे यांनी १९६८ साली 'हुमाने व्हिते' या परिपत्रकात जबाबदार मातापितृत्वाचा विचार मांडला. शारीरिक, आर्थिक, मानसिक आणि सामाजिक परिस्थिती ध्यानात घेऊन अधिक अपत्यांना जन्म द्यावा की गंभीर कारणास्तव थांबावे, हे ठरविणे पतिपत्नींचे काम आहे, असे त्यात सांगितले आहे. मार्ग कोणता अवलंबावा याविषयीची शिकवण वाचकांना ठाऊक आहेच. येथे सांगावयाचे ते एवढेच की, विवेक हा श्रद्धेचा शत्रू नाही. 'देव सांभाळून घेईल' असे म्हणून रक्तदाब न मोजणे ही श्रद्धा नसून निष्काळजीपणा आहे. देव सांभाळतो तेव्हा बहुधा डॉक्टर, परिचारिका आणि वेळेवर पोहोचलेली गाडी यांच्याच हातांनी सांभाळतो.

या संदर्भात संत जियाना बेरेत्ता मोल्ला हिचे नाव हटकून घेतले जाते. ती इटलीतील डॉक्टर. तीन मुलांनंतर १९६१ साली ती पुन्हा गर्भवती राहिली, तेव्हा ती एकोणचाळिशीला टेकली होती. दुसऱ्याच महिन्यात गर्भाशयात गाठ असल्याचे आढळले. संपूर्ण गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया तिने करून घेतली असती, तर बाळाचा मृत्यू हा हेतू नसल्याने ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीप्रमाणेही ती दोषी ठरली नसती. तिने फक्त गाठ काढून घेतली. २१ एप्रिल १९६२ रोजी मुलगी जन्मली. सातच दिवसांनी पोटातील जंतुसंसर्गाने जियाना मृत्यू पावली. २००४ साली तिला संतपद देण्यात आले, तेव्हा तिचा वृद्ध पती आणि डॉक्टर झालेली ती मुलगी दोघेही उपस्थित होते.

जियानाचे बलिदान थोर आहे, यात शंका नाही. परंतु ते थोर आहे याचे कारण ते कुणी तिच्याकडून मागितले नव्हते. बलिदान स्वतःचे देता येते. दुसऱ्याचे मागता येत नाही. एखाद्या भेदरलेल्या गर्भवतीला जियानाचे चरित्र हाती देऊन आपण घरी परतलो, तर आपण संताचा उपयोग ओझे म्हणून केला असे होईल. तिच्यासोबत रक्तपेढीत जाऊन उभे राहिलो, तर काही अर्थ आहे.

आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे वळू. उशिराच्या गर्भारपणात तपासण्यांचा सल्ला हटकून मिळतो. मातेच्या रक्तावरून केलेली तपासणी फक्त संभव सांगते. नक्की निदानासाठी गर्भजल काढावे लागते, आणि त्यात गर्भ पडण्याचा अल्प का होईना धोका असतो. हे कळल्यावाचून पुष्कळ जोडपी पहिल्याच अहवालाने हादरून जातात. तपासणी करावी की करू नये? ख्रिस्तसभेने १९८७ च्या 'दोनुम व्हिते' या दस्तऐवजात स्पष्ट केले आहे की, गर्भाचे प्राण आणि सुरक्षितता यांना जपणारे, त्याच्या उपचारासाठी केलेले निदान योग्यच आहे. व्यंग आढळल्यास गर्भाचा नाश करावयाचा, अशा हेतूने केलेले निदान मात्र गैर आहे. म्हणजे जाणून घेणे हा अपराध नाही. कशासाठी जाणून घ्यावयाचे, एवढाच प्रश्न आहे.

डाऊन सिंड्रोमचे मूळ एकविसाव्या गुणसूत्राच्या एका अधिक प्रतीत आहे, हे १९५९ साली फ्रान्समध्ये प्रसिद्ध झाले. ते संशोधन मांडणाऱ्यांपैकी जेरोम लेज्यून हे श्रद्धावान कॅथलिक डॉक्टर होते. या मुलांवर इलाज सापडावा ही त्यांची तळमळ. प्रत्यक्षात त्याच ज्ञानाचा उपयोग अशी मुले जन्माला येऊच नयेत यासाठी होऊ लागला, आणि त्याविरुद्ध बोलण्यात त्यांचे पुढील आयुष्य गेले. २०२१ साली ख्रिस्तसभेने त्यांना 'वंदनीय' म्हणून घोषित केले. ज्ञान तेच, एकाने ते स्वागताच्या तयारीसाठी वापरले, दुसऱ्याने दार लावण्यासाठी. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. तो आधी कळला तर जिथे लहान मुलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयाजवळ बाळंतपण करता येते. अशा वेळी जाणून घेणे हीच माया ठरते.

परंतु येथे आपण आपल्या धर्मग्रामांकडेही पाहिले पाहिजे. गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरविल्यास २०२१ च्या दुरुस्तीनुसार आपल्या देशात गर्भपाताला आठवड्यांची मर्यादा उरलेली नाही. आपण त्या कायद्याला नापसंती दर्शवितो. ते करताना एक गोष्ट विसरता येत नाही. ज्या आईला आपण 'हे मूल ठेव' असे सांगतो, त्या मुलाला धर्मशिक्षणाच्या वर्गात बाक आहे काय? मिस्साच्या वेळी ते ओरडले तर मागे वळून पाहणाऱ्या नजरा कशा असतात? त्याच्या बहिणीच्या लग्नाची गोष्ट निघाली की आपलीच कुटुंबे 'घरात तसे मूल आहे' असे कुजबुजत माघार घेतात की नाही? जन्माच्या बाजूने बोलणाऱ्याने जन्मानंतरच्या पन्नास वर्षांच्याही बाजूने उभे राहावे लागते. एरवी ते बोलणे म्हणजे दुसऱ्याच्या खांद्यावर क्रूस ठेवून स्वतः रिकाम्या हातांनी चालणे होय.

ज्यांना मूल झालेच नाही, किंवा राहिलेला गर्भ टिकला नाही, त्यांचा विसर पडू देणे बरे नाही. सारेला नव्वदाव्या वर्षी पुत्र झाला, एलिझाबेथला म्हातारपणी झाला, हे आपण वेदीवरून ऐकतो. चाळिशीत दोनदा गर्भ गमावलेली स्त्री त्याच बाकावर बसून ते ऐकत असते. तिला 'प्रार्थना कर, होईल' असे सांगणे सोपे आहे. परंतु त्यातून तिची प्रार्थना अपुरी पडली असा अर्थ तिच्या कानी पडतो. गर्भ न टिकण्याचे कारण बहुतेक वेळा गुणसूत्रांतील चूक असते. तिने उचललेली घागर नव्हे, तिचे भांडण नव्हे, तिचे पाप तर नव्हेच नव्हे. हे तिला कुणीतरी स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. त्या न जन्मलेल्या बाळासाठी कुणी मिस्सा मागितली, तर ते तिच्या दुःखाला दिलेले स्थान होईल.

मग आपण करावे तरी काय? आमच्या मनात आलेल्या दोन-चार गोष्टी सांगतो. विवाहपूर्व शिबिरात मुलामुलींना वयाचे हे सत्य एकत्र बसवून सांगावे. मुलांना वगळू नये. कर्ज आणि घर यांचा हिशेब मांडणाऱ्या जोडप्याने बीजाच्या वयाचाही हिशेब मांडावा, कारण बँक मुदत वाढवून देते, शरीर देत नाही. चाळिशीनंतरही हमखास मूल मिळेल असे सांगणाऱ्या जाहिरातींना भुलू नये. घरातील थोरल्यांनी पहिला शब्द आनंदाचा काढावा. काळजीचा शब्द दुसरा असला तरी चालतो. लग्नाच्या वयाच्या मुलीला आईच्या पोटाची लाज वाटू लागली, तर बापाने तिला जवळ बसवून समजवावे. ते काम आईवर ढकलू नये. वस्तीतील छोट्या ख्रिस्ती समूहाने रुग्णालयात सोबत कोण जाईल, डबा कोण देईल, रात्री गाडी कुणाची, एवढे ठरवून ठेवावे. यासाठी निधी लागत नाही, सभा लागत नाही.

जपमाळेतील आनंदाच्या रहस्यांपैकी दुसरे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो आहोत. ते एका उशिराच्या गर्भारपणाचे रहस्य आहे. एलिझाबेथने पाच महिने स्वतःला लोकांपासून दूर ठेवले, असे शुभवर्तमान सांगते. कारण काहीही असो, त्या एकांताची कल्पना आपल्याकडील अनेक स्त्रियांना असेल. सहाव्या महिन्यात मरिया तिच्याकडे गेली. तिने 'या वयात?' असे विचारले नाही. तिने अभिवादन केले आणि ती सुमारे तीन महिने राहिली. त्या तीन महिन्यांत तिने काय केले हे लिहिलेले नाही. परंतु म्हाताऱ्या गर्भवतीच्या घरी आलेली तरुण नातलग तीन महिने काय करते, हे आपल्या आयाबहिणींना विचारावे लागत नाही. पाणी, चूल, झाडलोट, पाय चेपणे, रात्रीची जाग. बाळ जन्मले तेव्हा शेजारी आणि नातलग आनंदले, असेही तेथे नमूद आहे.

उशिराचे मातृत्व निरोगी असावे असे आपल्याला वाटत असेल, तर त्याची सुरुवात त्या स्त्रीच्या वयाची मोजदाद करण्याने होत नाही. तिच्या दारी कोण कोण गेले, याची मोजदाद आपण आधी करावी.